बीटल्सचं शेवटचं गाणं ‘नाऊ अँड देन’ एआयने गायलंय का? आणि मग ते इंग्लंडमध्ये नंबर एक कसं झालं?

नाही, एआयने गायलेलं नाही. आवाज बीटल्सच्या चौघांपैकी जॉन लेननचाच आहे. तुमचा झाला तोच गैरसमज जून २०२३ मध्ये बऱ्याच जणांचा झाला होता, कारण पॉल मॅकार्टनीने बीबीसी रेडिओवर बोलता बोलता सांगून टाकलं की एआयच्या मदतीने बीटल्सचं शेवटचं रेकॉर्ड तयार होतंय. तेव्हा इंटरनेटवर गायकांच्या नकली आवाजांनी नुसता धुमाकूळ घातला होता. लोकांनी काढायचा तो अर्थ काढला, आणि बँडमधल्या पॉल-रिंगो दोघांनाही खुलासे करत बसावं लागलं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी जॉनने न्यूयॉर्कमधल्या डकोटा इमारतीतल्या घरी, पियानोवर बसून, साध्या कॅसेटवर हे गाणं टेप केलं होतं. १९८० मध्ये त्याचा खून झाला. १९९४ मध्ये त्याच्या बायकोने, योको ओनोने, त्याची काही टेप केलेली गाणी पॉलच्या हवाली केली. त्यातली दोन उरलेल्या तिघांनी (पॉल, रिंगो आणि जॉर्ज हॅरिसन) निर्माता जेफ लिनला सोबत घेऊन पुरी केली आणि ती बाजारातही आली. हे तिसरं मात्र १९९५ मध्ये थोडं चाचपून सोडून दिलं. जॉर्ज हॅरिसनने ते चक्क भंगारात काढलं होतं, असं पॉलच सांगतो.

अडचण टेपची होती. पियानो गळ्यावर चढत होता आणि मागे विजेचा हम, म्हणजे सततची घूं-घूं. जुन्या कॅसेटी साफ करून देणं हा माझा जोडधंदा आहे (नाट्यगीतं, कीर्तनं, कुणाच्या आजीच्या ओव्या), त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून हम ५०, १००, १५० असा पटीत बसतो; अमेरिकेत ६०, १२०, १८०. फिल्टर लावून तेवढ्या जागा कापता येतात, पण पुरुषाच्या आवाजाचा भरणाही तिथेच असतो. जरा जास्त कापलं की माणूस पत्र्याच्या डब्यात बसून गातोय असं वाटतं. आणि पियानोला तर फिल्टर लावायचाच कुठे? तो गळ्याबरोबर त्याच सुरांवरून चाललेला असतो.

सुटका झाली ती सिनेदिग्दर्शक पीटर जॅक्सनमुळे. ‘गेट बॅक’ या माहितीपटासाठी त्याच्याकडे १९६९ चं ध्वनिमुद्रण होतं, सगळं एकाच मोनो ट्रॅकवर. माइक चालू आहेत हे माहीत असल्यामुळे ही मंडळी खासगी बोलायचं असलं की मुद्दाम गिटार झोडत बसायची. जॅक्सनच्या लोकांनी ‘मॅल’ (MAL) नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. गिटार कशी वाजते, माणूस कसा बोलतो हे त्याला शिकवलं की ते दोन्ही वेगळं करून देतं. तेच या कॅसेटवर चालवलं आणि जॉनचा गळा स्वच्छ सुटून आला. एआयचा हात लागला तो एवढाच. नवा शब्द नाही, नवा सूर नाही.

बाकीचं काम माणसांनी केलं. गिटार जॉर्जने १९९५ मध्ये वाजवलेली (तो २००१ मध्ये गेला), ड्रम्स रिंगोचे, बेस पॉलचा, आणि मधला स्लाइड गिटारचा तुकडाही पॉलचाच, पण जॉर्जच्या ढंगात. मागचे ‘आ-आ’ त्यांच्याच साठच्या दशकातल्या गाण्यांतून उचललेत. व्हायोलिनवाल्यांची गंमत वेगळीच. लॉस एंजेलिसच्या कॅपिटल स्टुडिओत त्यांच्याकडून सगळं वाजवून घेतलं, पण कागदावर गाण्याचं नाव भलतंच. बीटल्ससाठी वाजवतोय हे त्यांना कळू दिलं नाही.

आता नंबरचं. गाणं २ नोव्हेंबर २०२३ ला, गुरुवारी दुपारी आलं आणि ब्रिटनमधल्या चार्टचा, म्हणजे विक्रीच्या क्रमवारीचा, आठवडा गुरुवारी रात्रीच संपतो. त्या जेमतेम दहा तासांवर ते ४२ व्या क्रमांकावर लागलं. पुढच्या शुक्रवारी, १० तारखेला, थेट पहिलं. हा त्यांचा तिथला अठरावा नंबर एक. आधीचा १९६९ चा, म्हणजे ५४ वर्षांची फट.

हे नुसत्या स्ट्रीमिंगवर झालं नाही. ब्रिटिश चार्टमध्ये पैसे भरून ऐकणाऱ्यांचे शंभर स्ट्रीम मिळून एक विक्री धरतात, फुकट्यांचे तर सहाशे. आठवड्याची बेरीज ७८ हजारांच्या घरात गेली, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा रेकॉर्ड, कॅसेट, सीडी, डाउनलोड असं विकत घेणाऱ्यांचा होता. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला १९६२ चं ‘लव्ह मी डू’ टाकलेलं, म्हणजे पहिलं आणि शेवटचं सिंगल एकाच तबकडीवर. संग्राहक कशाला सोडतोय? धंद्याची अक्कल म्हणा हवं तर. गंमत म्हणजे ते ‘लव्ह मी डू’ त्या काळी १७ च्या वर गेलं नव्हतं. अमेरिकेत नवं गाणं सातपर्यंत पोचलं, आणि २०२५ मध्ये रॉक परफॉर्मन्सचं ग्रॅमीही मिळालं.

माझी तक्रार एकच. जॉनच्या मूळ टेपमध्ये ध्रुवपदाआधी एक चाचपडणारा, अर्धवट शब्दांचा तुकडा होता, तो पॉलने काढून टाकला. गाणं त्यामुळे सुटसुटीत झालं हे खरं, पण सुरांचं सगळ्यात अनपेक्षित वळण त्याच तुकड्यात होतं. गाणं बनवतानाचा बारा मिनिटांचा माहितीपट यूट्यूबवर आहे, आधी तो बघा. जॉनचा आवाज एकटा, साथीशिवाय ऐकायला मिळतो आणि एआयने नेमकं काय केलं ते कानाला लगेच कळतं.