आल्याचा चहा आणि आवडता सिनेमा

प्रश्न: मी इंदूरची, राजवाड्याजवळ राहते. रोज संध्याकाळी चहा घेऊन 'हायस्कूल म्युझिकल' हा सिनेमा लावते, कितव्यांदा ते विचारूच नका, घरचे म्हणतात आता पुरे. आणि चहात आलं घातलं की दूध फाटतं, काय करू?

उत्तर: अगं, बघ की बिनधास्त! २००६ चा तो पहिला भाग मीपण अजून बघते, आणि एक सांगते, त्यात हिरो ट्रॉयची गाणी बरीचशी ड्रू सीली या गायकाच्या आवाजात आहेत, २००७ च्या दुसऱ्या भागात मात्र ट्रॉय झालेला झॅक एफ्रॉन स्वतः गायलाय, दोन्ही लागोपाठ लाव आणि नीट कान देऊन ऐक, फरक कळतो. चहाचं म्हणशील तर कच्च्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं, उकळलं की ते निकामी होतं, म्हणून आलं ठेचून आधी पाण्यात टाक, तीन-चार मिनिटं खळखळ उकळू दे, मग पत्ती-साखर, दूध सगळ्यात शेवटी. पातेल्याच्या कडेला तांबूस साय धरायला लागली की गॅस बंद. सोबत वाटीभर शेव घे, आणि घरच्यांच्या हातातही एकेक कप दे, आमच्याकडे सासूबाई अशाच बसायला लागल्या, आता त्याच विचारतात आज लावणार ना म्हणून.