लहान मुलांसह युरोपात लांब मुक्काम : आधी नकाशा आवरा

नाशिकच्या एका ताईंनी युरोपातल्या मुक्कामाचा बेत कळवून सल्ला विचारलाय. सहा महिन्यांत अकरा देश? चार आणि दीड वर्षाच्या पोरांना घेऊन? ताई, तीन-चार गावं ठेवा. एका घरात महिनाभर राहिलात की पोरं बाग, दुकान, शेजारची मांजर सगळं आपलंसं करतात आणि भाडंही बहुधा स्वस्त पडतं.

शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, हिशेब नीट समजून घ्या. कुठल्याही 180 दिवसांत फक्त 90 दिवस, सगळे शेंगेन देश मिळून. फ्रान्समधून इटलीत गेलात म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही आणि तान्ह्यालाही हाच नियम. म्हणजे सहा महिने सलग तिथे विसरा. उरलेले दिवस ब्रिटनसारख्या शेंगेनबाहेरच्या देशात, तेही वेगळ्या व्हिसावर. सहा वर्षांखालच्यांना शेंगेन व्हिसाची फी नाही, बारा वर्षांखालच्यांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. विमा मात्र प्रत्येकाचा, किमान 30,000 युरोचा.

मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तारीख आजच बघा. नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं, मुंबईला पळायला नको. विमानात दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र सीट घ्यावी लागते. धाकटीचा वाढदिवस प्रवासातच येतोय, परतीचं तिकीट त्या हिशेबाने काढा.

खाण्याचं म्हणाल तर मेतकूट, नाचणीचं पीठ आणि छोटा कुकर. सासूबाई चिवड्याचे डबे देतीलच, एकच घ्या. लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सामानात नको.