उबुंटूवर ओरॅकल इन्स्टंट क्लायंट: टर्मिनलमध्ये चालतो, मग सर्व्हिसमधून का चालत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उबुंटू २४.०४ सर्व्हरवर पायथनमधलं अ‍ॅप आहे, डेटाबेस दुसऱ्या मशीनवर आहे आणि तो ओरॅकल ११.२ आहे. त्याच्याशी जोडण्यासाठी ओरॅकलचा इन्स्टंट क्लायंट टाकलाय. स्वतः लॉगिन करून स्क्रिप्ट चालवली की कनेक्शन होतं. तेच अ‍ॅप सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिस म्हणून सुरू केलं की डीपीआय-१०४७ हा एरर येतो आणि लिबसीएलएनटीएसएच ही क्लायंटची मुख्य लायब्ररी सापडत नाही म्हणतो. शिवाय एसक्यूएल प्लस या ओरॅकलच्या क्वेरी चालवायच्या साधनामध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. इन्स्टंट क्लायंट हा स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम नाही. त्या नुसत्या लायब्ररी फायली आहेत. जी प्रोसेस डेटाबेसशी बोलणार, ती सुरू होताना किंवा चालता चालता त्या आपल्यात ओढून घेते आणि सेटिंग्ज वाचते ती स्वतःच्या एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे तिला मिळालेल्या व्हेरिएबलमधून. त्यामुळे ‘सर्व्हरवर क्लायंट इन्स्टॉल आहे का’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. ‘या युजरच्या या प्रोसेसला तो दिसतो का’ असं दर वेळी विचारायचं. ही एक गोष्ट धरून ठेवली तर पुढचं सगळं सरळ आहे.

आधी एक शंका मिटवून घेऊ, कारण हे उत्तर इतरही वाचतील. पायथन-ओरॅकलडीबी या पायथनमधून ओरॅकलशी बोलणाऱ्या लायब्ररीमध्ये थिन मोड असतो आणि त्याला क्लायंट लागतच नाही. डेटाबेस १२.१ किंवा त्यापुढचा असेल, तर इन्स्टंट क्लायंटच्या वाटेला न जाता थिन मोडच वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. एक अपवाद लक्षात ठेवा: डेटाबेसकडून ओरॅकलचं स्वतःचं नेटवर्क एन्क्रिप्शन सक्तीचं केलेलं असेल, तर थिन मोड चालत नाही. तुमचा डेटाबेस मात्र ११.२ आहे, म्हणजे थिक मोड (क्लायंटच्या लायब्ररी वापरणारा) आणि क्लायंट याला पर्याय नाही. व्हर्जनही इथेच ठरतं. १९ मालिकेचा क्लायंट ११.२ आणि पुढच्या डेटाबेसशी जोडला जातो, २१ मालिकेला किमान १२.१ लागतो आणि २३ ला किमान १९. ‘सगळ्यात नवीन ते सगळ्यात चांगलं’ हा हिशोब इथे लागू पडत नाही. तुम्ही १९ घेतलाय, तो योग्यच आहे.

इन्स्टॉलेशनबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमचं ते झालेलं आहे. उबुंटूवर झिप फाईलच घ्या. आरपीएम उतरवून एलियनने डेब पॅकेज करायचा सल्ला जुन्या लेखांमध्ये सापडतो, तो मानू नका. झिप उघडून ऑप्टखालच्या ओरॅकल फोल्डरमध्ये ठेवली की काम झालं, आणि काढायची वेळ आली तर एक फोल्डर उडवायचा. बेसिक आणि एसक्यूएल प्लस या दोन झिप पुरतात, दोन्ही एकाच व्हर्जनच्या असाव्यात. पुढे दुसरा सर्व्हर उभा कराल तेव्हा २४.०४ वरची एक अडचण आठवणीत असू द्या. क्लायंटला लिबएआयओ ही लिनक्सची लायब्ररी लागते. उबुंटूने या रिलीजमध्ये त्या पॅकेजच्या नावापुढे ‘टी६४’ जोडलं आणि आतल्या फाईलचं नावही तसंच बदललं. क्लायंट मात्र ‘लिबएआयओ डॉट एसओ डॉट १’ हेच जुनं नाव शोधतो. पॅकेज टाकूनही लायब्ररी सापडत नाही असं दिसलं की नव्या फाईलकडे बोट दाखवणारी जुन्या नावाची सिमलिंक त्याच फोल्डरमध्ये करायची. तुमची स्क्रिप्ट चालते आहे, त्याअर्थी तुमच्याकडे हे कुणीतरी केलेलं आहे.

आता मुख्य दुखणं. तुमच्या बॅशआरसी फाईलमध्ये एलडी_लायब्ररी_पाथ, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारा व्हेरिएबल, एक्स्पोर्ट केलेला असणार. ती फाईल वाचते तुमची शेल. सिस्टमडी सर्व्हिस सुरू करताना तुमच्या शेलला विचारायला येत नाही. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉनही येत नाही. दुसऱ्या युजरच्या अधिकाराने कमांड चालवणारा सुडो तर हा व्हेरिएबल मुद्दाम काढून टाकतो. म्हणून टर्मिनलमध्ये सगळं सुरळीत आणि सर्व्हिसमध्ये शंख. यावर पायथनच्या कोडमध्ये सुरुवातीलाच हा व्हेरिएबल सेट करण्याची युक्ती बरेच जण करून बघतात. ती चालत नाही, कारण लिनक्सचा लोडर तो पाथ प्रोसेस सुरू होतानाच वाचून घेतो, नंतर बदललेला त्याला कळत नाही. पायथन-ओरॅकलडीबीच्या इनिट फंक्शनला फोल्डरचा पाथ देऊनही लिनक्सवर भागत नाही: पहिली लायब्ररी सापडते, पण तिला लागणाऱ्या बाकीच्या लायब्ररी पुन्हा सिस्टमच्याच शोधयादीतून घ्याव्या लागतात.

खरा उपाय म्हणजे ती शोधयादीच दुरुस्त करणं. ईटीसीमध्ये ‘एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फ डॉट डी’ नावाचा फोल्डर असतो. त्यात ओरॅकलच्या नावाने, शेवटी डॉट कॉन्फ असलेली एक फाईल करा, तिच्यात क्लायंटच्या फोल्डरचा पूर्ण पाथ एवढी एकच ओळ लिहा आणि रूट म्हणून एलडीकॉन्फिग चालवा. मग एलडीकॉन्फिगला पी पर्याय देऊन यादी छापून घ्या आणि तीत लिबसीएलएनटीएसएच दिसतं का ते ग्रेपने बघा. दिसलं की मशीनवरच्या प्रत्येक युजरला आणि प्रत्येक सर्व्हिसला ते सापडणार. यानंतर बॅशआरसीमधली जुनी ओळ आठवणीने काढून टाका. ती राहिली तर पुढे क्लायंट बदलाल तेव्हा तुमच्या टर्मिनलमध्ये एक व्हर्जन आणि सर्व्हिसमध्ये दुसरं, असा नवा घोळ होईल. त्याच मशीनवर ओरॅकलचं आणखी काही सॉफ्टवेअर असेल तर मात्र एलडीकॉन्फिगचा मार्ग टाळा. तिथे पाथ फक्त त्या सर्व्हिसपुरता द्यायचा.

फोल्डर कुठे आहे हेही तपासा. झिप तुमच्या होम फोल्डरमध्ये उघडली असेल तर एलडीकॉन्फिग करूनही सर्व्हिस अडेल. उबुंटूने २१.०४ पासून होम फोल्डरची परवानगी ७५० केली आहे, म्हणजे दुसऱ्या युजरला आत पाऊल टाकता येत नाही. खात्री करायची तर सर्व्हिस ज्या युजरने चालते त्याच युजरने, सुडोला यू पर्याय देऊन, लिबसीएलएनटीएसएचवर एलडीडी (एखाद्या फाईलला लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी कमांड) चालवा. जी लायब्ररी मिळत नसेल तिच्यापुढे ‘नॉट फाउंड’ असं उघड लिहून येतं. स्वतःच्या लॉगिनने केलेली चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही.

बाकीचे व्हेरिएबल सर्व्हिसच्याच व्याख्येत द्यायचे. सिस्टमसीटीएलच्या एडिट कमांडने ओव्हरराइड फाईल उघडा, सर्व्हिस विभागात ‘एन्व्हायर्नमेंट’ ओळी लिहा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. या ओळींमध्ये डॉलरचं चिन्ह उलगडलं जात नाही. शेलच्या सवयीने ‘नवा पाथ, कोलन, डॉलर जुना पाथ’ असं लिहिलं तर तो मजकूर जसाच्या तसा अक्षरशः पाथमध्ये जातो. पूर्ण पाथ लिहा. ओरॅकल_होम हा व्हेरिएबल इन्स्टंट क्लायंटसोबत अजिबात ठेवू नका. पूर्ण इन्स्टॉलेशनच्या सूचनांमधून तो उचलला जातो आणि मग टाइमझोनची फाईल मिळत नसल्याचा ओआरए-०१८०४ सारखा भलताच एरर समोर येतो.

आणि मग अंदाज बांधत बसू नका, चालत्या प्रोसेसमध्येच बघा. सर्व्हिसचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, घ्या. प्रॉकखाली त्या आकड्याच्या फोल्डरमध्ये ‘एन्व्हिरॉन’ नावाची फाईल असते. सुरू होताना त्या प्रोसेसच्या हातात कोणते व्हेरिएबल पडले ते तीत शब्दशः असतं. शेजारच्याच ‘मॅप्स’ फाईलमध्ये लिबसीएलएनटीएसएच शोधलं तर नेमकी कोणत्या फोल्डरमधली लायब्ररी लोड झाली तेही कळतं. या दोन फायली वाचायची सवय लावून घ्या. तासन्‌तास चालणारा वाद त्या मिनिटभरात मिटवतात.

कनेक्शनसाठी टीएनएसनेम्स फाईल (डेटाबेसची नावं आणि पत्ते असलेली) वापरणार असाल तर ती क्लायंटच्या फोल्डरमधल्या नेटवर्क, त्यातल्या अ‍ॅडमिन या फोल्डरमध्ये ठेवा; तिथे ती आपोआप सापडते. दुसरीकडे ठेवायची असेल तर टीएनएस_अ‍ॅडमिन द्या, आणि तोही सर्व्हिसच्या व्याख्येत. फाईल सापडली नाही किंवा तीत ते नाव नसेल तर ओआरए-१२१५४ येतो, आणि हा एरर आला म्हणजे गाडी अजून नेटवर्कपर्यंत पोचलेलीच नाही, फायरवॉलवाल्यांना फोन करू नका. ओआरए-१२५४१ म्हणजे त्या पोर्टवर लिसनर, म्हणजे डेटाबेससाठी कनेक्शन स्वीकारणारा प्रोग्रॅम, ऐकत नाही. पोर्ट सहसा १५२१ असतो. ओआरए-१२१७० म्हणजे वेळ संपला, आणि इथे मात्र फायरवॉलवर संशय घ्यायला हरकत नाही. ओआरए-१२५१४ म्हणजे लिसनर भेटला पण त्या नावाची सर्व्हिस त्याला ठाऊक नाही. ११.२ च्या काळातल्या डेटाबेसवर बऱ्याचदा तुम्हाला दिलेलं नाव सर्व्हिसचं नसून एसआयडी, म्हणजे डेटाबेस इन्स्टन्सचं नाव, असतं. अशा वेळी होस्ट, पोर्ट आणि तिरकी रेघ देऊन नाव लिहायची सोपी पद्धत उपयोगी पडत नाही, एसआयडी लिहिलेलं पूर्ण डिस्क्रिप्टर द्यावं लागतं. डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) ‘सर्व्हिस नेम सांगा’ असंच नेमकं विचारा.

आता मराठीची प्रश्नचिन्हं. याकडे मी तुमच्या पहिल्या तक्रारीपेक्षा जास्त गांभीर्याने बघतो, कारण कनेक्शन नाही झालं तर काम थांबतं, पण इथे डेटाच कायमचा जाऊ शकतो. एनएलएस_लँग, म्हणजे क्लायंटची भाषा, प्रदेश आणि कॅरेक्टर सेट सांगणारा व्हेरिएबल, दिलेला नसला की एसक्यूएल प्लस स्वतःला यूएस७आस्की समजतो, आणि त्या सेटमध्ये देवनागरीला जागाच नाही. त्यामुळे वाचताना प्रश्नचिन्हं दिसतात. तेवढंच असेल तर नुकसान काही नाही. पण त्याच अवस्थेत कुणी मराठी नावांची इन्सर्ट स्क्रिप्ट चालवली असेल तर मूळ अक्षरं डेटाबेसमध्ये पोचलेलीच नाहीत.

कुठलं झालंय ते डंप फंक्शन सांगतं. एका ओळीतल्या नावाच्या कॉलमवर, दुसरा आकडा १०१६ देऊन, डंप चालवा. त्यात कॅरेक्टर सेटचं नाव आणि साठवलेले बाइट हेक्समध्ये येतात. देवनागरी नीट साठवली असेल तर प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट ‘ई०, ए४’ किंवा ‘ई०, ए५’ असे सुरू होतात. ‘म’ म्हणजे ‘ई०, ए४, एई’. असं दिसलं तर निश्चिंत व्हा, फक्त दाखवण्यात गडबड आहे. ‘३एफ’ ची रांग दिसली तर डेटाबेसमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हं साठलेली आहेत, आणि ‘ईएफ, बीएफ, बीडी’ दिसलं तर रूपांतरात अक्षर हरवून त्याजागी बदली चिन्ह बसलं आहे. दोन्ही प्रकारांत मूळ यादीवरून पुन्हा भरण्याशिवाय इलाज नाही. तिसरी शक्यता आपल्याकडे बरीच आढळते: रोमन अक्षरांची अगम्य खिचडी. तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असतो, तो फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायचा; क्लायंटच्या सेटिंगने त्याला काही होणार नाही.

सेटिंग म्हणून एनएलएस_लँगला ‘अमेरिकन_अमेरिका डॉट एएल३२यूटीएफ८’ ही किंमत द्या, आणि टर्मिनलही यूटीएफ-८ वर असू द्या. भाषा-प्रदेश मुद्दाम अमेरिकन ठेवायला सांगतोय, कारण प्रदेश बदलला की तारखेचा फॉरमॅट बदलू शकतो आणि जुन्या स्क्रिप्ट त्यावर विसंबून असतात. शेवटचा भाग ‘यूटीएफ८’ असा नुसता लिहू नका, ओरॅकलमध्ये तो वेगळा आणि जुना सेट आहे. पायथन-ओरॅकलडीबी स्वतः नेहमी यूटीएफ-८ च वापरतं, एनएलएस_लँगमधला कॅरेक्टर सेट बघत नाही. म्हणून अ‍ॅपमध्ये नावं नीट आणि एसक्यूएल प्लसमध्ये प्रश्नचिन्हं, असं दृश्य दिसू शकतं. हे सगळं डेटाबेसचा स्वतःचा कॅरेक्टर सेट एएल३२यूटीएफ८ असेल तर. एनएलएस_डेटाबेस_पॅरामीटर्स या व्ह्यूमध्ये तो बघा. तिथे डब्ल्यूई८एमएसविन१२५२ निघाला तर साध्या व्हारचार२ कॉलममध्ये देवनागरी बसणार नाही, एनव्हारचार२ लागेल.

कॉलमच्या लांबीकडेही लक्ष द्या. ११.२ मध्ये व्हारचार२ ची लांबी मुद्दाम सांगितलं नाही तर बाइटमध्ये मोजली जाते. ‘महाराष्ट्र’ लिहायला काना आणि हलन्त धरून १० चिन्हं लागतात, म्हणजे ३० बाइट. २० लांबीच्या कॉलममध्ये आपल्या राज्याचं नावही मावत नाही आणि ओआरए-१२८९९ येतो. कॉलमची व्याख्या करताना आकड्यापुढे इंग्रजी ‘चार’ (कॅरेक्टरचं लघुरूप, चार हा आकडा नव्हे) असं लिहायला डीबीएला सांगा.

यानंतरही सर्व्हिस सुरू झाली नाही, तर सर्व्हिसच्या युजरने चालवलेल्या एलडीडीचं आउटपुट, प्रॉकमधली एन्व्हिरॉन आणि पायथनचा पूर्ण एरर प्रश्नात जोडा. जोडण्याआधी पासवर्ड आणि होस्टचं नाव काढून टाका. एन्व्हिरॉनमध्ये पासवर्ड उघडा असण्याची शक्यता बरीच असते.