कडाक्याच्या थंडीत सुगंधी वनस्पतींची बाग टिकते का?

हिवाळ्यात महिनोन्‌महिने जमीन गोठून राहते अशा ठिकाणी स्वयंपाकात वापरायच्या सुगंधी वनस्पती लावल्या तर त्या जगतील का, असे आपण विचारले आहे. बऱ्याचशा जगतात. माझी जी रोपे आजवर दगावली, त्यांतली थोडीच थंडीने गेली. बाकीची मुळाशी साचलेल्या पाण्याने गेली.

पहिल्या वर्षी मी थाइम सपाट जमिनीत लावले होते. बर्फ वितळू लागले तेव्हा खालची माती अजून गोठलेलीच असल्यामुळे पाण्याला मुरायला वाट मिळाली नाही आणि ते रोपांभोवती तुंबून राहिले. एक रोप हलकेच ओढून पाहिले, तर ते अलगद हातात आले. मुळे काळी, बुळबुळीत झाली होती आणि त्यांना कुजका वास येत होता. पुढच्या वर्षी फूटभर उंच वाफा करून, मातीत जाड वाळू आणि बारीक खडी मिसळून पुन्हा थाइम लावले, ते अजून उभे आहे. उंच वाफ्यातली माती वसंतात लवकर तापते, हा वरचा लाभ.

थाइम, ओरेगॅनो, सेज, चाइव्ह्ज आणि पुदिना ही मंडळी बाहेरच राहू शकतात. पुदिना मात्र कुंडीतच लावावा, नाहीतर जमिनीखालून पसरत तो वर्षा-दोन वर्षांत सगळा वाफा बळकावतो. कुंडीतल्या मुळांना थंडी चहूबाजूंनी लागते, म्हणून हिवाळ्यापूर्वी ती कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरून ठेवावी.

तुळशीच्या कुळातले बेसिल अगदीच नाजूक असते. तापमान १० अंशांखाली गेले की त्याला त्रास होऊ लागतो, आणि दव गोठण्याची एकच रात्र लागली तर सकाळी पाने उकळते पाणी ओतल्यासारखी काळी पडलेली दिसतात. त्याचे बी शेवटच्या हिमरात्रीच्या सुमारे सहा आठवडे आधी घरात पेरावे आणि रोपे बाहेर लावण्यापूर्वी आठ-दहा दिवस रोज थोडा अधिक वेळ उघड्यावर ठेवून काटक करावीत. मी घाईने ही पायरी एकदा गाळली आणि सगळी रोपे गमावली. रोझमेरीही कडक हिवाळ्यात घरात आणावी, पण तिला उन्हाची खिडकी आणि बेताचे पाणी द्यावे.

कोथिंबिरीला थंड हवा उलट मानवते, कारण उन्हाळ्याच्या उष्म्यात ती लगेच फुलावर येते. ती आणि शेपू सोटमूळ असल्यामुळे जागच्या जागीच पेरावीत.

पाने किंवा पेंढ्याचे आच्छादन जमीन गोठल्यानंतरच घालावे. माती गोठत-वितळत राहिली की रोपे वर ढकलली जाऊन मुळे उघडी पडतात. ते टाळण्यासाठी हे आच्छादन असते, माती उबदार ठेवण्यासाठी नव्हे. थाइम आणि सेज यांची मोठी छाटणी शरद ऋतूत करू नये, कारण तिने फुटलेले कोवळे धुमारे थंडीत जळतात. वसंतात ही झुडपे वाळल्यासारखी दिसली तरी उपटण्याची घाई करू नये. बुंध्याची साल नखाने किंचित खरवडून पाहावी, आणि खाली हिरवे दिसले तर आणखी तीन-चार आठवडे वाट पाहावी.