कॉर्टिसोलला शत्रू मानण्यापूर्वी

कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक, शून्यावर आणायचे आहे, अशा समजुतीने सुरुवात करू नका. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींतून स्रवणारे हे संप्रेरक जाग आल्यानंतर साधारण 30 ते 45 मिनिटांत उच्चांक गाठते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होते. जपायची आहे ती ही दैनंदिन लय. म्हणून रोज ठरावीक वेळी उठणे, सकाळच्या उजेडात थोडे चालणे आणि किमान 7 तास झोप, एवढे जमल्याशिवाय दुसऱ्या कशाच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारनंतरची कॉफी टाळा, कारण शरीरातील निम्मे कॅफीन कमी व्हायलाच सुमारे 5 तास लागतात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हा काळ आणखी लांबतो.

नवख्या मैत्रिणी कॉर्टिसोल कमी करण्याच्या उत्साहात जेवण तोडतात आणि व्यायाम वाढवतात, तेव्हा परिणाम नेमका उलटा होतो: ऊर्जा अपुरी पडली की कॉर्टिसोल वाढते, मेंदूकडून बीजांडकोशांकडे जाणारे संकेत मंदावतात आणि पाळी लांबते किंवा थांबते. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’, म्हणजे ताणामुळे या ग्रंथी थकल्या, हे निदान वैद्यकशास्त्र मान्य करत नाही, तेव्हा त्यावरच्या महागड्या गोळ्या खुशाल सोडून द्या.

पाळी 3 महिने आली नाही, अंगावर सहज काळेनिळे डाग पडू लागले किंवा पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटले, तर अंतःस्राव तज्ज्ञांना, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांना, भेटा. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. त्यांमुळे रक्तचाचणीत एकूण कॉर्टिसोल वाढलेले दिसू शकते.