बोरिवली-चर्चगेट नोकरी सांभाळून घरकाम आणि व्यायाम आठवड्यात कसे बसवायचे?

व्यायाम सकाळी आंघोळीआधी उरका आणि रोज एकच जड काम ठेवा. सगळं रविवारवर ढकललं की रविवार बुडतो, कामंही. संध्याकाळी लोकलचा भरवसा नाही, म्हणून रात्रीचा व्यायाम पहिला सुटतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते: सोम ते शुक्र ३० मिनिटं झपाझप चाला, बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत. शिवाय मंगळ-शुक्र जोर-बैठका.

- सोम, गुरु: कपड्यांचं मशीन, सकाळी पाणी आल्याबरोबर.
- बुध: बाथरूम. ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीच नको, विषारी वायू होतो.
- शनि: आधी पंखे, मग लादी, उलट केलंत तर पुन्हा पुसा.

पावसाळ्यात मात्र चादरी एका वेळी एकच धुवा, नाहीतर दांडीवरच कुबट वास धरतात.