‘बाकी सगळ्यांच्या घरी चालतं’

प्रश्न : ताई, माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात मित्राच्या वाढदिवसाला गेला होता. आल्यावर सहज बोलता बोलता म्हणाला, की तिथे मुलांना बिअर दिली, तीही मित्राच्या वडिलांनीच. बाहेर चोरून पिण्यापेक्षा आमच्या डोळ्यांदेखत प्यावी, असं त्यांचं म्हणणं. आम्ही नाराज झालो तर मुलगा म्हणतो, “बाकी सगळ्यांच्या घरी चालतं, तुम्हीच जुनाट.” इतर पालकांशी बोलावंसं वाटतं, पण मुलगा मित्रांत एकटा पडेल आणि आम्हाला लोक आगाऊ म्हणतील, अशी भीती वाटते. काय करावं?
– एक आई

उत्तर : बोला, आणि लवकर बोला. पुढचा वाढदिवस येण्याआधी.

‘बाकी सगळे’ म्हणजे नक्की कोण, हे अजून तुम्ही कुणालाच विचारलेलं नाही. पालकसभांमध्ये मी बिननावाच्या चिठ्ठ्यांवर दोन प्रश्नांची उत्तरं लिहून घेते. तुमच्या मुलाने या वयात दारू प्यायलेली तुम्हाला चालेल का? आणि इतर पालकांना चालत असेल असं वाटतं का? पहिल्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर ‘नाही’ असतं. दुसऱ्याला बरेच जण ‘हो, बहुतेकांना चालत असावं’ असं लिहितात. एकाच खोलीत बसलेली ही माणसं, प्रत्येकाला वाटतं आपणच तेवढे कडक. घरोघरी मुलांचं ‘सगळ्यांना चालतं’ खपून जातं ते यामुळेच.

आता ‘डोळ्यांदेखत’बद्दल. त्या वडिलांचा हेतू चांगला असणार, पण समजूत चुकीची आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षं मागोवा घेऊन केलेला अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आला. पालकांनी दारू दिल्यामुळे मुलं सुरक्षित राहतात, असं त्यात कुठेच दिसलं नाही. उलट घरून मिळालेल्या मुलांनी पुढच्या वर्षी दुसरीकडूनही दारू मिळवण्याची शक्यता वाढलेली दिसली. मेंदूचा जो भाग आपल्याला वेळीच थांबवतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. सुरुवात जितकी उशिरा, तितकं बरं.

पालकांनी एकत्र येऊन काही साधतं का, असं कुणी विचारलं की मी आइसलँडचं उदाहरण देते. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिनाभरात एकदा तरी दारूच्या नशेत असल्याचं सांगत होती. २०१६पर्यंत हा आकडा ५ टक्क्यांवर आला. हे सारं श्रेय पालकांचंच, असं मी म्हणणार नाही. सरकारने कायदे कडक केले, संध्याकाळी मुलांना खेळ, संगीत, नृत्य शिकता यावं म्हणून पैसा दिला. पण मला सर्वांत मोलाचे वाटतात ते पालकांनी आपसात केलेले लेखी करार. घरात मोठं माणूस नसताना पार्टी होऊ द्यायची नाही, अल्पवयीन मुलांसाठी दारू आणायची नाही, एकमेकांच्या मुलांकडे लक्ष ठेवायचं. शिवाय पालक गटागटाने संध्याकाळी वस्तीत फेरीही मारत. ‘माझ्या मित्राला चालतं’ म्हणायला मित्रच उरला नाही, तर कुठलंच मूल एकटं पडत नाही.

सुरुवात त्या वडिलांपासून करू नका. ज्यांच्याशी तुमचं सर्वांत जमतं, त्या एका घरी फोन लावा. ‘तुमच्या मुलाने काय केलं’ हा सूर अजिबात नको. “आम्ही घरात असं ठरवतोय, तुमचं काय मत आहे?” एवढंच विचारा. पलीकडून सुटकेचा नि:श्वास ऐकू आला तर नवल वाटून घेऊ नका. तीन-चार घरं झाली की एकदा समोरासमोर बसा. ग्रुपवरच्या संदेशांत हा विषय नासतो. कुणीतरी एखाद्या मुलाचं नाव घेतं, आणि मग उरतं फक्त भांडण. बैठकीत थोडंच ठरवा, पण पक्कं ठरवा. कुणाच्याही घरी दुसऱ्याच्या मुलाला दारू मिळणार नाही. पार्टी असेल तेव्हा यजमान घरी असतील. आणि कुठल्याही मुलाने रात्री कितीही वाजता यांपैकी कुठल्याही घरी फोन करून ‘मला न्यायला या’ म्हटलं, तर जायचं. त्या रात्री एक शब्दही रागावायचं नाही. हा शेवटचा नियम मुलांना स्वतःच्या तोंडाने सांगा.

मग त्या वडिलांकडे तुम्ही दोघं मिळून जा. त्यांच्या मुलाबद्दल बोलू नका. “आमच्या मुलाला तुमच्याकडे दारू देऊ नका, एवढी विनंती आहे.” बस्स.

आणि हे सगळं मुलाला आधी सांगून करा. पार्टीत काय झालं ते त्याने स्वतःहून सांगितलं, हे केवढं मोठं आहे! त्याबद्दल त्याला शिक्षा झाली, तर पुढचं काही तुमच्या कानावर येणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी सांगते, तिची मैत्रीण घरातल्या झोपेच्या गोळ्या घेते. कुणाला सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून वचन घेतलंय. मी काय करू?
– एक बाबा

उत्तर : त्या मुलीच्या आईवडिलांना आजच सांगा. मात्र आधी आपल्या मुलीला सांगा, की हे वचन मला पाळता येणार नाही, कारण यात तिच्या जिवाला धोका आहे. तुझं नाव मात्र मी घेणार नाही. फक्त त्याच घरी बोला, तिसऱ्या पालकाला कळता कामा नये. जेवढं कळलं तेवढंच सांगा, ‘व्यसनी’ हा शब्द टाळा. गोळ्या कुलपात ठेवायला आणि मुलीला डॉक्टरांकडे न्यायला सुचवा. ते चिडले, तरी कळलेलं त्यांच्या डोक्यात राहील.

मुलीला एक पक्कं शिकवा. गोळ्या किंवा दारू घेतलेली मैत्रीण हलवूनही जागी होत नसेल, श्वास अगदी संथ किंवा अडखळत चालला असेल, तर ‘झोपू दे तिला’ म्हणून सोडून जायचं नाही. तिला कुशीवर वळवायचं, ॲम्ब्युलन्स बोलवायची, जवळच थांबायचं आणि काय घेतलं ते डॉक्टरांपासून लपवायचं नाही.